रोज खिशात ठेवायला फिल्मचा छोटा रेंजफाइंडर कुठला घ्यायचा?

फिल्मवर फोटो काढायची हौस परत आलीये आणि त्यात सत्तरच्या दशकातले छोटे जपानी रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचे कॅमेरे) तर सगळ्यांनाच हवेत, त्यामुळे कुणी ना कुणी विचारतंच की कॅनोनेट घेऊ का ऑलिंपस, लेन्स एफ १.७ च पाहिजे का २.८ चालेल (आकडा लहान तेवढा उजेड जास्त), आणि त्यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. मला विचाराल तर हे सगळे कॅमेरे आता चाळीस-पन्नास वर्षांचे झालेत, नवे होते तेव्हा सगळेच चांगले होते, आज मात्र एकाच मॉडेलचे दोन पीस शेजारी ठेवले तर एक मस्त चालतो आणि दुसरा फक्त शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचा असतो. म्हणून मॉडेल ठरवायला थोडा वेळ द्या आणि समोर आलेला पीस तपासायला भरपूर. खाली दोन्ही सांगतो, पण दुसरं जास्त सांगणारे.

आधी एक घोळ मिटवून टाकू. ऑनलाइन विकणारे कुठल्याही छोट्या जुन्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणून टाकतात. ऑलिंपस ट्रिप ३५ रेंजफाइंडर नाही, त्यात डोंगर-माणूस अशी चित्रं बघून अंदाजाने अंतर लावायचं असतं. ऑलिंपस एक्सए२ पण नाही, नाव एक्सएसारखं असलं तरी. रोलाय ३५ दिसायला कितीही देखणा असला तरी अंतर तुमचं तुम्हीच ठरवायचंय. आणि आपल्याकडे घरोघरी असलेला याशिका एमएफ-२ तर फिक्स फोकस, त्यात फिरवायला काही नाहीच. हे वाईट कॅमेरे आहेत असं नाही, ट्रिप तर मला आवडतो, पण रेंजफाइंडर म्हणून पैसे मोजणार असाल तर आत रेंजफाइंडर असायला हवा एवढंच.

तो ओळखायचा सोपा. पुढून बघितलं तर व्ह्यूफाइंडरच्या मोठ्या काचेशिवाय एक छोटी खिडकी वेगळी दिसते. डोळा लावला की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो, त्यात समोरची गोष्ट डबल दिसते, लेन्सवरची रिंग फिरवली की दोन प्रतिमा एकमेकींवर सरकतात, जुळल्या की फोकस झाला. दोन खिडक्यांतून बघून त्रिकोणाच्या हिशोबाने अंतर काढायचं, बास. याला आम्ही नुसतं पॅच म्हणतो, तर इथून पुढे पॅच म्हणजे तोच चौकोन.

आत आरसा नाही त्यामुळे कॅमेरा लहान होतो आणि आवाज अगदी कमी येतो, शटर लेन्सच्या आतच पात्यांचं असतं, टिक एवढंच ऐकू येतं, लोकलमध्ये शेजारी बसलेल्याला पण कळत नाही. फ्लॅश कुठल्याही स्पीडला चालतो हा आणखी एक फायदा, आरशाच्या एसएलआरवाल्यांना हे मिळत नाही. तोटे पण आहेत. साधारण ०.८ ते ०.९ मीटरपेक्षा जवळ जाता येत नाही, म्हणजे चहाच्या कपाचे क्लोजअप विसरा. आणि लेन्सवर कॅप राहिली तरी व्ह्यूफाइंडरमधून सगळं छान दिसत राहतं, अख्खा रोल कोरा यायची ती सोय. कॅनोनेटमध्ये मीटरचा, म्हणजे उजेड मोजायचा, डोळा लेन्सच्या रिंगमध्येच आहे म्हणून ऑटोवर असाल तर कॅप असताना शटर दाबलंच जात नाही, याशिका इलेक्ट्रोत मात्र तो डोळा वरती वेगळा आहे, तिथे तुम्हाला कुणी वाचवणार नाही. साधा यूव्ही फिल्टर लावा आणि कॅप घरी ठेवा.

आता निवड. पहिला प्रश्न लेन्सचा नाही, खिशाचा. तुम्ही कॅमेरा नेणार कुठे? रोज सोबत ठेवायचा म्हणजे डब्याच्या पिशवीत, लॅपटॉपच्या सॅकमध्ये, जीन्सच्या नाहीतर जॅकेटच्या खिशात, आणि यातलं काय ते ठरलं की निम्मी यादी आपोआप गळते. याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन जवळपास पाऊण किलोचा आहे, सुंदर फोटो देतो पण रोजचा म्हणून घेतलात तर दुसऱ्या आठवड्यापासून तो कपाटात राहणार. कॅनोनेट ६२० ग्रॅम, सॅकेत ठीक, खिशात नाही. ऑलिंपस ३५ आरसी साधारण ४१० ग्रॅम, जॅकेटच्या खिशात जातो. ऑलिंपस एक्सए २२५ ग्रॅम, १०२ बाय ६५ बाय ४० मिलिमीटर, शर्टाच्या खिशात टाकला तर खिसा थोडा लोंबतो पण जातो. हे आकडे कागदावर किरकोळ वाटतात, गर्दीच्या वेळी ठाणे स्टेशनला चढताना नाही वाटत.

मग लेन्स. सगळ्यांना एफ १.७ हवी असते कारण ऐकायला भारी वाटतं. एफ १.७ आणि एफ २.८ मध्ये फरक आहे साधारण दीड स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). रात्री टपरीवर, घरगुती गणपतीच्या आरतीला वगैरे तो कामाला येतो, नाही म्हणत नाही. पण हिशोब करून बघा, ४० मिमी लेन्स, एफ १.७, माणूस दीड मीटरवर, तर फोकसमध्ये राहणारी जागा जेमतेम चौदा-पंधरा सेंटिमीटर. म्हणजे पॅच किंचित जरी हललेला असेल तर डोळ्यांऐवजी कान शार्प येणार, आणि पन्नास वर्षं जुन्या कॅमेऱ्यात पॅच किंचित हललेला असतोच. एक्सएची ३५ मिमी एफ २.८ त्याच अंतराला तीस सेंटिमीटर जागा देते. दिवसा तर प्रश्नच नाही, ३५ मिमीला एफ ८ आणि अंतर ३ मीटर लावून ठेवलं तर दोन मीटरच्या आतून सुरू होऊन सातेक मीटरपर्यंत सगळं चालून जातं, पॅच बघायची पण गरज नाही. रोजच्या कॅमेऱ्याने ऐंशी टक्के फोटो असेच निघतात हो. तेव्हा एफ १.७ साठी जास्तीचे पैसे देण्यापेक्षा आयएसओ ४०० चा रोल (आयएसओ जास्त तेवढा रोल कमी उजेडात चालतो) घाला आणि उरलेले पैसे सर्व्हिसिंगला ठेवा.

आता ४०० चा रोल म्हटलं तर एक अडचण सांगायलाच हवी. यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचं शटर १/५०० वर संपतं. आपल्याकडचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन म्हणजे सनी १६ चा नियम, एफ १६ ला शटर साधारण १/आयएसओ. ४०० च्या रोलला एफ १६ आणि १/५०० लागणार, म्हणजे कॅमेरा अगदी टोकावर जाऊन उभा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) उघडून मागचं धूसर करायचं स्वप्न बघूच नका. ८०० चा रोल घातला तर एफ १६ वर संपणाऱ्या कॅमेऱ्यात भर उन्हात ओव्हर, म्हणजे उजेड जास्त, होणारच. म्हणून हिवाळा-उन्हाळ्यात बाहेरच फिरणार असाल तर २०० चा रोल, पावसाळ्यात आणि घरात ४०० चा, एवढं साधं ठेवा. निगेटिव्ह रोल ओव्हरला माफ करतो, अंडरला (उजेड कमी पडला तर) नाही, हे तर माहीतच असेल.

अजून एक ठरवायचं ते म्हणजे ऑटो का मॅन्युअल, उजेडाचा हिशोब कॅमेऱ्याने करायचा का तुम्ही. बऱ्याच जणांना वाटतं मॅन्युअल नाही म्हणजे कॅमेरा हौशी लोकांचा. रोज वापरायच्या कॅमेऱ्यात ऑटो चांगलं असेल तर तेच वापरलं जातं, पण मॅन्युअल असण्याचा फायदा असा की मीटर मेला तरी कॅमेरा मरत नाही, मोबाईलवर मीटर बघायचं आणि चालू राहायचं. याच कारणाने मी आरसी आणि कॅनोनेटच्या बाजूने थोडा झुकतो.

मॉडेल एकेक करून

ऑलिंपस एक्सए. १९७९ चा. योशिहिसा मायतानींचं डिझाइन, पेन आणि ओएम-१ वाले तेच. पुढचं झाकण सरकवलं की चालू, बंद केलं की लेन्स आणि व्ह्यूफाइंडर दोन्ही झाकले जातात, त्यामुळे कॅप विसरायची भानगडच नाही. अ‍ॅपर्चर तुम्ही निवडायचं, शटर तो निवडतो, दहा सेकंदांपर्यंत. बुडाशी एक दांडी आहे ती फिरवली की उजेड पाठीमागून असताना दीड स्टॉप जास्त देतो. डायलवर एफ ५.६ आणि ३ मीटर हे दोन आकडे केशरी रंगात आहेत, दोन्ही तिथे लावले की दोन-सव्वादोन मीटरपासून पाचेक मीटरपर्यंत काम भागतं, रस्त्यावर फिरताना हेच लावून ठेवायचं. सेल साधे एलआर४४, दोन, कुठल्याही घड्याळवाल्याकडे. वाईट काय तर पॅच लहान आणि फिकट, फोकसची दांडी एवढीशी आणि तिचा प्रवासही एवढासाच, मॅन्युअल नाही, फिल्टर लागत नाही, एफ २.८ ला कोपरे काळवंडतात. आणि सगळं इलेक्ट्रॉनिक आहे, लाल बटण किंवा सर्किट गेलं तर दुरुस्त करायला कुणी हात लावत नाही. पॅच फिकट वाटला तर एक जुगाड आहे, व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर बरोबर मधोमध काळ्या टेपचा बारीक ठिपका लावा, मागची प्रतिमा दबते आणि पॅच उठून दिसतो. दिसायला गबाळं पण चालतं.

ऑलिंपस ३५ आरसी. १९७० चा, आणि रोजच्या वापरासाठी एकच घ्या म्हटलं तर मी हाच घेईन. ४२ मिमी एफ २.८. शटर तुम्ही लावा, अ‍ॅपर्चर तो लावेल, नाहीतर दोन्ही तुम्ही लावा. एवढ्याशा कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही दिसतात, हे मोठमोठ्यांत नाहीये. शटरची चकती वरच्या प्लेटवर आहे त्यामुळे बोटाने सहज फिरते. शटर सेल नसला तरी चालतं. खटकतं ते हे की सगळ्यात हळू स्पीड १/१५, त्याखाली थेट बी (दाबून धराल तेवढा वेळ शटर उघडं), आणि फिल्टरचा आकार ४३.५ मिमी, तो दुकानात मागितला तर दुकानदार तुमच्याकडे बघत बसतो.

कॅनोनेट क्यूएल१७ जीथ्री. १९७२ पासून पुढे दहा वर्षं निघत होता, म्हणून पीस भरपूर आहेत आणि भावही त्याचाच सगळ्यात फुगलाय. ४० मिमी एफ १.७, १/४ ते १/५००, ऑटो आणि मॅन्युअल. मॅन्युअलवर मीटर बंद होतं हे घेताना कुणी सांगत नाही. क्यूएल म्हणजे रोल पटकन बसवायची सोय, शेपटी खुणेपर्यंत ओढायची आणि झाकण लावायचं, नवशिक्यांना हे खरंच बरं. याची ठरलेली दुखणी दोन, झाकणाचे फोम कुजलेले आणि शटरची किंवा अ‍ॅपर्चरची पाती चिकटलेली. फोम घरी बदलता येतात, पाती नाही. सॅक घेऊन फिरत असाल आणि संध्याकाळचे फोटो जास्त काढत असाल तर घ्या, नुसतं नाव ऐकलंय म्हणून नको. याचाच भाऊ क्यूएल१९ एफ १.९ चा, फोटोत फरक शोधून सापडणार नाही, भाव मात्र कमी.

कोनिका सी३५, १९६८ चा, ३८ मिमी एफ २.८, सगळं तोच ठरवतो, तुम्ही फक्त पॅच जुळवा आणि दाबा. आयएसओ ४०० च्या वर जात नाही. घरात सगळ्यांनी वापरायचा असेल, बायको-मुलं-बाबा, तर याच्यासारखा नाही. फक्त सी३५ च्या नावाने पुढे ईएफ आणि एएफ पण निघाले, ईएफमध्ये फ्लॅश आला आणि पॅच गेला, एएफ ऑटोफोकसवाला, तेव्हा नाव नीट वाचा.

मिनोल्टा हाय-मॅटिक ७एसटू आणि कोनिका ऑटो एस३ हे दोघे कॅनोनेटपेक्षा लहान आणि लेन्सने त्याच्याच तोडीचे, ७एसटू मध्ये मॅन्युअल आहे, एस३ मध्ये नाही. आपल्याकडे क्वचित दिसतात. दिसला आणि चालू असला तर फार विचार करू नका.

याशिका इलेक्ट्रो ३५ चं आधी बोललो. स्वस्त मिळतो, ४५ मिमी एफ १.७ लेन्स खरोखर छान, पण मोठा, आणि मॅन्युअल नाही, सेल नसेल तर १/५०० लाच चालतो. बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा, वाइंड लिव्हर ओढला की आतून ठक असा बारीक आवाज यायला हवा, नाही आला तर आतला एक रबरी पॅड झिजून गेलाय आणि मीटर खोटं बोलणार.

लेन्स बदलता येणारे, लायका, नाहीतर रशियन फेड आणि झोर्की, हा वेगळाच खेळ आहे. लायका रोज खिशात घेऊन फिरायची छाती असेल तर तुम्हाला हे वाचायची गरज नाही. झोर्की-फेड स्वस्त आहेत पण जड, मीटर बहुतेकांत नाही, आणि शटर ओढल्याशिवाय स्पीड बदलायचा नाही हा नियम एकदा मोडला की कॅमेरा दुरुस्तीला.

सेलची कटकट

आरसी, कॅनोनेट वगैरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे, ते आता मिळत नाहीत. दुकानदार एलआर६२५ हातात देईल, आकाराने बसतो पण १.५ व्होल्ट. मीटरला वाटतं उजेड जास्त आहे आणि फोटो अंडर येतात, वर तो सेल जसजसा उतरतो तसतसा घोळ पण बदलत जातो. साधा उपाय म्हणजे कानाच्या मशीनचे ६७५ नंबरचे सेल, निळ्या स्टिकरवाले, मेडिकलमध्ये किंवा श्रवणयंत्राच्या दुकानात सहाचं पाकीट मिळतं. १.४ व्होल्ट, आणि शेवटपर्यंत तेवढंच राहतं. व्यास कमी असतो, साडेअकरा मिमीच्या आसपास आणि खोबण साडेपंधराची, म्हणून भोवती रबराची रिंग घाला, नळदुरुस्तीच्या दुकानात दोन-पाच रुपयांत मिळते. स्टिकर काढलं की हवा लागून सेल सुरू होतो आणि दोनेक महिन्यांत वाळतो, काढला-घातला तरी थांबत नाही. ज्यांना ही कटकट नको त्यांनी १.५५ चा १.३५ करणारा अडॅप्टर घ्यावा, एकदाच पैसे जातात. इलेक्ट्रोला ५.६ व्होल्ट हवे असतात, ६ व्होल्टचा ४एलआर४४ अडॅप्टरमध्ये घालून चालतो, फरक पडत नाही फारसा.

पीस हातात आला की

मुंबईत फोर्टातली जुनी कॅमेऱ्याची दुकानं, चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, किंवा ऑनलाइन, कुठूनही घ्या, तपासणी तीच. बाजारात जाताना खिशात असू द्या: दोन एलआर४४, एक ६७५, मोबाईल, छोटा टॉर्च. दुकानदार घाई करेल, करू द्या.

सगळ्यात आधी पॅच. डोळा लावा, दिसतोय का, एवढा फिका नाहीये ना की दुकानाच्या ट्यूबलाइटखालीच दिसेनासा होतो. मग बाहेर या, लांबचा मोबाईल टॉवर नाहीतर बिल्डिंगची कड बघा, लेन्स अनंतावर लावली की दोन्ही प्रतिमा बरोबर एकावर एक बसायला हव्यात. आडव्या रेषा बघा, दोन प्रतिमा वर-खाली असतील तर तो वेगळा दोष, फोकस बरोबर येऊ शकतो पण डोळ्याला त्रास होतो. मग जवळचं, दुकानदाराकडून टेप मागा, एक मीटर मोजून पॅच जुळवा आणि रिंगवर किती दिसतं ते बघा. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चूक असेल तर नुसतं अ‍ॅडजस्ट करून भागत नाही, आत काहीतरी वाकलेलं किंवा झिजलेलं असतं, सोडून द्या.

पॅच नीट असेल तर मागचं झाकण उघडा, बी वर लावा, शटर दाबून धरा आणि मागून टॉर्च मारून पुढून लेन्समध्ये तिरकं बघा. धूळ असणारच, ती विसरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर फंगस. आपल्याकडे कोकणातून, मुंबईतून आलेल्या कॅमेऱ्यांत हे फार. कडेला एखादा धागा असेल तर भाव पाडून घ्या, मधोमध पसरलं असेल तर नको. धुक्यासारखा पांढरा थर (हेझ) दिसला तर उन्हात समोरून उजेड आला की फोटो फिके येतील. बी नसलेल्या कॅमेऱ्यात, म्हणजे एक्सएमध्ये, अंधाऱ्या कोपऱ्यात दाबा, शटर थोडा वेळ उघडं राहतं तेवढ्यात बघून घ्यायचं. त्यातच मीटरची पण परीक्षा होते, ट्यूबलाइटकडे करून दाबलं तर लगेच टिक, अंधारात थांबून टिक, दोन्हीकडे सारखाच आवाज आला तर सर्किट गेलं.

मग शटर. प्रत्येक स्पीडला दाबून बघा, सगळ्यात हळूवर पहिल्यांदा, कारण चिकटलेलं असेल तर तिथेच अडकतं. मोबाईलच्या स्लो मोशनवर २४० फ्रेमला मागून रेकॉर्ड करा, १/१५ ला शटर साधारण १६ फ्रेम उघडं दिसेल, १/३० ला ८. दोन-चार फ्रेम इकडेतिकडे चालतात, दुप्पट झालं तर सर्व्हिसिंगचे पैसे भावातून वजा. पात्यांवर तेलाचा चमकता डाग असेल तर आज चालतंय म्हणून खूष होऊ नका, उन्हाळ्यात ते पसरून पाती चिकटतात, ऑलिंपस ३५ आरडीची तर हीच प्रसिद्ध तक्रार आहे. आणि सेल्फ टायमरला हात लावू नका, जुन्या कॅमेऱ्यात तो मध्येच अडकतो आणि मग शटर पण अडकतं, आणि दुकानदार म्हणणार तुम्हीच मोडलं.

मीटर तपासायला एकरंगी भिंत शोधा, मोबाईलच्या लाइट मीटर अ‍ॅपशी ताडून बघा, एक स्टॉपपर्यंत फरक असेल तर आयएसओची रिंग हलवून सांभाळता येतो. सेलचं झाकण उघडून बघा, हिरवा-पांढरा थर असेल तर इअरबडवर थोडं व्हिनेगर घेऊन निघतो, पण वायर आतपर्यंत कुजली असेल तर निघून उपयोग नाही. झाकणाच्या खाचांमधला फोम बोटाला काळा चिकट लागला तर घाबरू नका, तो सगळ्यांचाच तसा झालेला असतो. टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून काढायचा आणि बारीक खाचेत काळी लोकर बसवायची, बिजागराच्या बाजूला पातळ काळा फोम. रविवारची दुपार जाते एवढंच.

ऑनलाइन घेताना एवढं की "अनटेस्टेड" लिहिलंय म्हणजे टेस्ट केलाय आणि चालत नाहीये असंच धरून चाला. जपानी विक्रेते एक्सलंटच्या पुढे प्लसवर प्लस लावतात, ते वाचूच नका, खाली बारीक अक्षरात हेझ-फंगसचं काय लिहिलंय ते वाचा, आणि किमतीत कस्टम ड्युटी धरून मगच स्वस्त-महाग म्हणा. विकणाऱ्याला अनंतावरच्या पॅचचा मोबाईलने काढलेला फोटो मागा, खरंच चालू कॅमेरा असेल तर तो पाठवतो.

घरी आणल्यावर चामड्याच्या केसमधून पहिल्यांदा बाहेर काढा. ती केस दिसते झकास पण ओल धरते आणि फंगस तिथूनच सुरू होतो. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, मात्र नुसता ठेवून देऊ नका, वापरात असलेल्या कॅमेऱ्याला फंगस कमी धरतो. बाइकच्या डिकीत रोज ठेवू नका, हादऱ्यांनी बारीक स्क्रू ढिले होतात, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबातच नको. मनगटाचा पट्टा लावा, गळ्यातला नाही, गळ्यात लटकवला की सगळे कॅमेऱ्याकडेच बघतात. विमानाने जाणार असाल तर रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा, काही एअरपोर्टवर आता सीटी स्कॅनर आलेत आणि ते रोल खराब करतात. सीआयएसएफवाले कधी ऐकतात कधी नाही, रोल डबीतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवलेत तर ऐकायची शक्यता जास्त.

पहिला रोल फोटोंसाठी नाही, कॅमेरा तपासायला. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून हजाराच्या वर सहज जातात म्हणून जीवावर येतं, पण परत करायची मुदत असेपर्यंतच हे करून घ्या. रोल बसवल्यावर वाइंड करताना रिवाइंडची कळ फिरतेय का बघा, फिरत नसेल तर रोल पकडलाच गेला नाहीये. मग एक मीटरवर, तीन मीटरवर आणि लांबचं, असे तीन फोटो अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून काढा, उन्हात ओव्हर होईल म्हणून हे सावलीत किंवा संध्याकाळी. तीन-चार ऑटोवर आणि तेच मोबाईलच्या मीटरने मॅन्युअलवर. एक फोटो काढून कॅमेरा उन्हात दहा मिनिटं ठेवा आणि मग पुढचा काढा, फोममधून उजेड शिरत असेल तर कडेला केशरी पट्टा दिसेल. कुठल्या नंबरला काय केलं ते मोबाईलवर लिहून ठेवा, आणि लॅबला सांगा की स्कॅनमध्ये काही दुरुस्त करू नका आणि निगेटिव्ह परत द्या, कारण अंडर आलंय का ओव्हर ते निगेटिव्ह उजेडात धरल्याशिवाय नीट कळत नाही, स्कॅनर सगळं सारखं करून टाकतो.